यवतेश्वरच्या घाटासाठी: पुढची चेनरिंग की मागची कॅसेट?

साताऱ्यातून कासकडे निघालं की यवतेश्वरचा घाट लगेच अंगावर येतो. माझ्या सायकलला पुढे पेडलपाशी दोन चेनरिंग (दातेरी चकत्या), ५३ आणि ३९ दातांच्या; मागच्या चाकावर कॅसेट (अशाच चकत्यांचा संच), ११ ते २८ दातांची. सगळ्यात हलका गियर ३९ भागिले २८, म्हणजे १.३९; आकडा जितका लहान, तितका चढ हलका. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरच गुडघे बोलायला लागतात.

पुढे ५०-३४ बसवलं तर हा आकडा १.२१ होतो. पुढचं तसंच ठेवून मागे ११-३२ घातली तर १.२२. चढावर फरक कळणारसुद्धा नाही! खरा फरक कामात आणि खर्चात आहे. जुन्या पाच हातांच्या १३० मिमी क्रँकवर (पेडलचा दांडा; त्यावर रिंगचे बोल्ट १३० मिमी व्यासाच्या वर्तुळात बसतात) ३४ची रिंग बसतच नाही, ३८च्या खाली जाता येत नाही. म्हणजे अख्खा क्रँकसेट आला. वर फ्रंट डिरेल्युअर (साखळी एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) खाली सरकवा. शिवाय ५०वरून ३४वर उतरताना पाय एकदम मोकळे फिरतात, मागे लगेच एक-दोन गियर जड करून सावरावं लागतं.

कॅसेट घरीही बदलता येते. फक्त मागच्या डिरेल्युअरला ३२ दातांची चकती झेपते का, ते आधी बघा. साखळीही बहुधा लांब लागेल. कराडकडच्या सपाट हायवेवर दोन गियरमधलं वाढलेलं अंतर मात्र जाणवतं.

मी आधी कॅसेटच बदलेन. सज्जनगड, ठोसेघर नेहमीचं असेल तर दोन्ही करा: ३४-३२, म्हणजे १.०६.