तियानजिन की दालियान? बीजिंगनंतरचे निवांत दिवस कुठे घालवावेत

बीजिंगची मोठी भिंत आणि राजवाडे पाहून झाले, की पायांचे तुकडे पडलेले असतात. त्यानंतर तीन-चार दिवस हाताशी असतील आणि ते उत्तर चीनमधल्याच एखाद्या आधुनिक शहरात निवांत घालवायचे असतील, तर माझ्या मते निवड दोघांत आहे: तियानजिन आणि दालियान. दोन्ही बंदरं, दोन्ही ठिकाणी परकीय सत्तांनी बस्तान मांडलेलं. पण तियानजिन नदीचं शहर आहे आणि दालियान समुद्राचं.

आईवडील सोबत असतील, तर निर्णय बहुधा प्रवासावरच होतो. बीजिंग दक्षिण स्थानकावरून वेगवान रेल्वे तियानजिनला साधारण अर्ध्या तासात पोचवते. अंतर सुमारे १२० किलोमीटर, आणि गाड्या इतक्या की एक चुकली म्हणून जीव खालीवर होत नाही. दालियान लिओदोंग द्वीपकल्पाच्या टोकाला आहे. रेल्वेने अख्खा अर्धा दिवस मोडतो, विमानाने दीड तास लागतो. विमानतळ मात्र शहरालगतच आहे.

तियानजिन इतकं जवळ असल्यामुळे लोक ते एका दिवसात ‘उरकतात’. हे मला मनापासून पटत नाही. हे शहर संध्याकाळी आणि सकाळी पाहायचं आहे, आणि त्यासाठी तिथे मुक्कामच हवा. हाईह नदी शहराच्या मधून वळणं घेत जाते, दोन्ही काठांवर चालायला रुंद वाटा आहेत, गळ टाकून बसलेले आजोबा आहेत. अंधार पडला की पुलांवर दिवे लागतात. त्यांतल्या एका पुलावर तर १२० मीटर उंचीचा आकाशपाळणाच उभा आहे. १८६० नंतर ब्रिटिश, फ्रेंच, जपानी, इटालियन अशा अनेकांनी इथे आपापल्या वसाहती वसवल्या. त्यामुळे ‘वूदादाव’, म्हणजे ‘पाच मोठे रस्ते’, या भागात जुन्या बंगल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. रस्ते सपाट, झाडांची सावली भरपूर. एक सकाळ फक्त याच भागाला द्या.

मराठी माणसाने दाबेई मठही चुकवू नये. सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांविषयी लिहून ठेवणारा भिक्षू ह्युएनत्संग आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच्या कवटीचा अवशेष याच मठात होता आणि १९५० च्या दशकात तो इथूनच भारताला भेट दिला गेला.

फोटोंमध्ये गाजलेलं डोळ्याच्या आकाराचं बिनहाई ग्रंथालय (२०१७) मात्र शहरापासून तासभर लांब आहे, आणि त्याच्या वरच्या फळ्यांवर दिसणारी पुस्तकं ही छापलेली चित्रं आहेत. वेळ उरला तरच जा.

दालियानचं बलस्थान म्हणजे मोकळी हवा. रशियनांनी १८९८ मध्ये भाडेपट्ट्याने घेऊन आखलेलं आणि १९०५ ते १९४५ जपान्यांच्या ताब्यात असलेलं हे शहर टेकड्यांवर चढत-उतरत वसलं आहे. १९०९ पासूनची ट्राम अजून धावते. तिच्या खिडकीत बसून शहर पाहण्यासारखं सुख नाही. शिंगहाई चौक प्रचंड आहे आणि थेट समुद्राला भिडतो. तिथून बिनहाई रस्त्याने कड्यांच्या कडेकडेने फिरता येतं. मुलं असतील आणि त्यांना वाळूत खेळायचं असेल, तर दालियानच. किनारे बरेचसे गोट्यांचे आहेत, हे मात्र आधी सांगून ठेवते. चढउतारामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनाही जपून राहावं लागतं.

खाण्यात दालियान मासे खाणाऱ्यांचं. शिंपल्या, खेकडे, कोळंबी, सगळं ताजं. शाकाहाऱ्यांची तिथे जरा पंचाईत होते. तियानजिनला सकाळी रस्त्यावर ‘ज्येनबिंग’ मिळतं. मुगाच्या पिठाचं धिरडं, वर कोथिंबीर-कांदापात, आत तळलेला कुरकुरीत तुकडा. त्यावर अंडं फोडतात, म्हणून तव्यावर पीठ पडायच्या आतच ‘बू याव जीदान’ म्हणायचं: अंडं नको. ‘वो छी सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवा, उच्चारापेक्षा ते लवकर कळतं.

ऋतूवर उत्तर बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये तियानजिन उकाड्याने आणि पावसाने हैराण करतं, तेव्हा दालियान सुसह्य असतं. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा असेल तर मी डोळे मिटून तियानजिन निवडेन. १ ते ७ ऑक्टोबर टाळाच, राष्ट्रीय सुट्ट्यांमुळे कुठेच निवांतपणा मिळत नाही. व्हिसा आधी काढावा लागतो, पैसे बहुतेक फोनवरूनच द्यावे लागतात. अलीपे निघण्यापूर्वीच कार्डाला जोडून घ्या. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथे बंद असतात, तेव्हा घरच्यांना तसं सांगून निघा.

माझं पारडं तियानजिनकडे झुकतं, त्याला आणखी एक कारण आहे. तिथून वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत शिजियाझुआंग गाठता येतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आणि पुतळा आहे. चिनी लोक त्यांना ‘के दीहुआ’ म्हणतात. टॅक्सीवाल्याला हेच नाव सांगा. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच निघतं, तो सोबत ठेवा. सकाळी निघून संध्याकाळी पुन्हा हाईहच्या काठावर परतता येतं.