सागरगडाची एक दिवसाची वाट आणि माचीवरचे जेवण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच मित्रांनी अलिबागजवळच्या सागरगडासाठी एका स्थानिक संस्थेची वाटाड्या व जेवण अशी सेवा माणशी 700 रुपयांना घेतली. पहाटे साडेपाचला खंडाळे गावातून निघायचे ठरले होते. प्रत्यक्षात गाडी पाऊण तास उशिरा आली, आणि कोकणातल्या वैशाखी उन्हात तो पाऊण तास किती महाग पडतो, हे सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चढतानाच कळले. पावसाळ्यात कोसळणारा धबधबा या दिवसांत कोरडा असतो, त्यामुळे पाणी खालूनच भरून न्यावे. माणशी तीन लिटरसुद्धा आम्हाला जेमतेम पुरले.

वाटाड्या मात्र उत्तम होता. पिकलेली करवंदे कोणत्या जाळीत आहेत हे त्याला ठाऊक होतेच, शिवाय 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत हा गडही होता, हे त्याने तटावर उभे राहून, कुठलाही आव न आणता सांगितले. वानरटोकाच्या सुळक्यासमोर त्याने आम्हाला कड्यापासून मागे ओढले, तेही बरेच झाले.

जेवण माचीवरच्या एका घराच्या पडवीत होते. तांदळाची गरम भाकरी, वालाचे बिरडे आणि ओसरीच्या वाशाला टांगलेल्या वेणीतून तिथल्या काकूंनी आमच्यासमोर तोडून दिलेला अलिबागचा पांढरा कांदा, जो इतका गोडसर की आमच्यातल्या कांदा न खाणाऱ्यानेही दुसरा मागून घेतला. कोकम सरबताचे पैसे मात्र वेगळे लावले. ते आधी सांगायला हवे होते.