फ्रेम एक, सुटे भाग निराळे : टियाग्रा आणि १०५ यांतील निवड

एकाच कंपनीने एकाच ॲल्युमिनियम फ्रेमवर आणि एकाच कार्बन फोर्कवर बांधलेल्या दोन रोड बाइक शेजारी उभ्या केल्या, की रंगाखेरीज त्यांत चटकन फरक सापडत नाही, आणि किमतीही इतक्या जवळच्या असतात की त्यांच्या आधारे निर्णय होत नाही. अशा वेळी ग्राहकाची नजर मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावर, जाते आणि तेथे शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या वरच्या श्रेणीचे नाव छापलेले असेल, ती सायकल घेतली जाते. येथे विचारात घेतलेल्या दोन सायकलींपैकी पहिलीवर १० गिअरचा टियाग्रा ४७०० संच असून तिचे डिस्क ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहेत. दुसरीवर वरच्या श्रेणीचा, ११ गिअरचा १०५ आर ७००० संच आहे, मात्र तिचे डिस्क ब्रेक केबलवर चालणारे आहेत. दोन्ही चालवून पाहिल्यावर माझे मत पहिलीच्या बाजूने झाले आहे, आणि त्याचे कारण गिअरांत नसून ब्रेकांत आहे.

तरीही सुरुवात गिअरांपासूनच करावी लागेल, कारण दुसरी सायकल विकली जाते ती त्यांच्याच जोरावर. दोहोंच्या पुढच्या, पेडलांजवळच्या चेनरिंग ५० आणि ३४ दात्यांच्या आहेत आणि मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच, ११-३२ आहे. टियाग्राच्या कॅसेटमधील चकत्या ११, १२, १४, १६, १८, २०, २२, २५, २८ आणि ३२ दात्यांच्या आहेत. दुसरीच्या कॅसेटमध्ये याच दहा चकत्या असून १२ आणि १४ यांच्या मध्ये १३ दात्यांची एक चकती जास्त आहे. अकराव्या गिअरचा सारा फरक एवढाच. २८ मिलिमीटरचा टायर धरला, तर चाकाच्या एका फेरीत सायकल सुमारे २.१४ मीटर पुढे जाते. मोठ्या चेनरिंगवर मिनिटाला ९० वेळा पेडल फिरवणाऱ्याचा वेग १४ दात्यांवर ताशी सुमारे ४१ किलोमीटर, १३ वर ४४ आणि १२ वर ४८ इतका येतो. थोडक्यात, हा जास्तीचा गिअर कामी येतो तो सपाट रस्त्यावर घोळक्याने वेगात जाताना किंवा हलक्या उतारावर. एकट्याने वाऱ्याला तोंड देत जाणाऱ्या सामान्य सायकलस्वाराच्या वाट्याला हे वेग फारसे येत नाहीत, आणि जेथे गिअर कमी पडल्याची जाणीव खरोखर होते त्या चढावर ३४ आणि ३२ ची जोडी दोन्ही सायकलींवर एकच आहे. कॅसेट ११-३४ असती, तर मात्र मी हा मुद्दा इतक्या सहज सोडला नसता. तेथे १० गिअरमध्ये २३, २६, ३०, ३४ अशा उड्या आहेत, तर ११ गिअरमध्ये २३, २५, २७, ३०, ३४ असा क्रम लागतो, म्हणजे जास्तीची चकती नेमकी चढावर उपयोगी पडते.

गिअर बदलतानाचा अनुभव १०५ वर सरस आहे, यात वाद नाही. लिव्हरला बोट कमी जोराने लावावे लागते, आणि मागचा डिरेलर चाकाच्या बाजूला आत दबून बसत असल्यामुळे सायकल आडवी पडली तरी त्याला मार बसण्याची शक्यता कमी असते. टियाग्राचा आवाज थोडा मोठा आहे, परंतु केबल नीट ताणलेली असेल, तर गिअर चुकत नाही. झिजेचे गणित उलट बाजूला जाते. ११ गिअरची चेन ०.५ टक्के ताणली की बदलावी आणि १० गिअरची ०.७५ टक्क्यांपर्यंत चालवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे, शिवाय १० गिअरच्या चेन आणि कॅसेट सहसा स्वस्त पडतात.

माहितीपत्रकात ‘१०५’ असे छापलेले असले, तरी संपूर्ण संच १०५ चा असतोच असे नाही. दुसऱ्या सायकलीचा क्रँक, म्हणजे पेडलांचा दांडा, शिमानोचाच, पण कोणत्याही मालिकेत न मोडणारा आरएस ५१० आहे. चेन आणि कॅसेट १०५ च्या नाहीत. ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ते डिस्कवर दाबणारे भाग, तर भलत्याच कंपनीचे आहेत. खऱ्या अर्थाने १०५ चे म्हणावेत असे लिव्हर आणि दोन डिरेलर एवढेच भाग उरतात. उलट पहिल्या सायकलीवर लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत जवळजवळ सर्व काही टियाग्राचे आहे. यात आणखी एक गोंधळ पिढ्यांचा आहे. २०१८ मध्ये आलेली आर ७००० मालिका ११ गिअरची, तर २०२२ मध्ये विजेवर चालणारी आणि २०२३ मध्ये केबलवर चालणारी जी नवी १०५ आली ती १२ गिअरची. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून आपण नेमके काय घेत आहोत हे कळत नाही.

आता ब्रेकांविषयी. केबलवर चालणाऱ्या साध्या डिस्क ब्रेकमध्ये बाहेरच्या बाजूचा एकच पॅड सरकतो. तो फिरत्या डिस्कला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो आणि मग दोहोंच्या मध्ये डिस्क पकडली जाते. पॅड झिजत गेले की लिव्हर हँडलच्या अधिकाधिक जवळ येऊ लागते. बाहेरच्या पॅडची कसर केबल ताणून भरून काढता येते, पण आतल्या पॅडचा स्क्रू चाकाच्या स्पोकच्या बाजूला असतो, तेथे ॲलन की आत घालून पाव-पाव फेरा देत, डिस्क घासत तर नाही ना हे कान देऊन ऐकत, तो पॅड पुढे आणावा लागतो. पावसाळी रस्त्यावर पॅड लवकर झिजतात आणि हे काम वारंवार करावे लागते. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन्ही पॅड एकाच वेळी सरकतात आणि झिजेनुसार आपोआप जागा घेतात. लांब उतारावर हात हूडवर, म्हणजे लिव्हरच्या रबरी आवरणावर ठेवून, केवळ एका बोटाने वेग आवरता येतो, आणि किती दाबले की किती थांबेल याचा अंदाज कोरड्या-ओल्या दोन्ही रस्त्यांवर टिकून राहतो. दुसऱ्या सायकलीवर त्याच उतारावर मला दोन बोटे लावावी लागली, आणि उतार संपेपर्यंत बोटांना त्याचा त्रास जाणवू लागला होता. ब्रेक लागत नव्हते असे नाही, पण त्यांच्याकडून काम काढून घ्यावे लागत होते.

हायड्रॉलिकला देखभाल लागत नाही, हा समज मात्र खरा नाही. काही काळाने तेल बदलून आतली हवा काढावी लागते, पॅडवर तेलाचा थेंब पडला तर ते बहुधा फेकावेच लागतात, आणि चाक काढलेले असताना चुकून लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येऊन डिस्क पुन्हा आत बसेनाशी होते. त्यासाठी, चाक काढलेले असताना पॅडांमध्ये घालायचा, सायकलसोबत मिळणारा प्लॅस्टिकचा लहानसा तुकडा जपून ठेवावा. ज्याला दूरवर एकट्याने प्रवास करायचा आहे आणि वाटेत स्वतःच दुरुस्ती करायची आहे, त्याने केबलच्या ब्रेकला कमी लेखू नये, कारण केबल कोठेही मिळते आणि कोणालाही बदलता येते.

माझा कौल ठरला तो पुढे काय बदलता येईल या हिशेबावरून. सीट, टायर, हँडलची टेप, कॅसेट हे भाग झिजतील तसे किंवा हौस होईल तसे बदलता येतात. रोड बाइकमध्ये गिअरची आणि ब्रेकची लिव्हर एकाच आवरणात असते, त्यामुळे दुसऱ्या सायकलीला नंतर हायड्रॉलिक ब्रेक बसवायचे ठरवले तर कॅलिपर आणि नळ्यांसोबत चांगल्या चालणाऱ्या १०५ च्या लिव्हरही काढून टाकाव्या लागतील, आणि संचातील सर्वांत महाग भाग तोच असतो. पहिल्या सायकलीला ११ गिअर हवे झाले, तरी लिव्हर बदलाव्या लागतातच. पण टियाग्रा ४७०० चा मागचा डिरेलर ११ गिअरच्या रोड संचांइतकीच केबल ओढून घेतो, म्हणून तो ठेवता येतो. मागच्या हबवरील फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो भाग, ११ गिअरच्या रुंदीचा आहे का, हे तेवढे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. तसा असेल, तर आताच्या १० गिअरच्या कॅसेटमागे १.८५ मिलिमीटर जाडीची, दाते नसलेली जादा कडी (स्पेसर) बसवलेली असते.

एका बाबतीत दुसरी सायकल उघडपणे उजवी आहे. हायड्रॉलिक लिव्हरमध्ये तेलाची टाकी सामावलेली असल्यामुळे तिचे हूड जाड आणि उंच असतात, तर आर ७००० च्या केबलच्या लिव्हर सडपातळ असून लहान पंजाच्या व्यक्तीच्या हातात सहज बसतात. लहान हातांसाठी शिमानोची टियाग्रातच ४७२५ ही वेगळी लिव्हर आहे, पण तयार सायकलीवर ती क्वचितच बसवलेली दिसते. त्यामुळे ज्यांचा पंजा लहान आहे त्यांनी हूड धरून, ब्रेकवर बोट पोहोचते का, हे पाहिल्याखेरीज माझ्या मतावर विसंबू नये.

चाके आणि टायर यांबाबत दोन्ही सायकली सारख्याच सामान्य आहेत. तारेच्या कडेचे जड टायर उतरवून चांगले टायर घातले, तर अकराव्या गिअरपेक्षा कितीतरी अधिक फरक जाणवेल.

हव्या त्या मापात फक्त दुसरीच सायकल मिळत असेल, तर ती जरूर घ्यावी, कारण न बसणाऱ्या मापाच्या फ्रेमवर उत्तम ब्रेकही समाधान देत नाहीत. मात्र घेतल्यावर ब्रेकच्या केबलचे मूळ बाह्य आवरण काढून दाबाखाली न आखडणारे, कॉम्प्रेशनलेस प्रकारचे आवरण घालून घ्यावे आणि पुढच्या चाकाला दोन्ही पॅड सरकणारे कॅलिपर बसवावे. लिव्हरला हात न लावता होण्यासारखी एवढी सुधारणा आहे, आणि तीही पहिल्या पावसाच्या आधी करून घेतलेली बरी.