बुंडेसबँक, म्युनिक: जुने मार्क बिनदिक्कत न्या

घरमालकीण आजींच्या कपाटात ड्यूश मार्क (जर्मनीचं युरोआधीचं चलन) निघाले, म्हणून त्यांना घेऊन बुंडेसबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्युनिक शाखेत गेले. युरोच्या नोटा २००२ पासून आल्या, तरी मार्क बदलायला इथे ना मुदत, ना शुल्क. दर कायमचा ठरलेला: १ युरोला १.९५५८३ मार्क. शंभराच्या नोटेचे ५१.१३ युरो रोख मिळाले. खिडकीवरच्या बाईंनी एकेक नोट उजेडात धरून पाहिली, आजींना खुर्ची दिली. फार बरं वाटलं! चिल्लर फेनिगही घेतात. गणितज्ञ गाउसचं चित्र असलेली दहाची नोट आजींनी दिली नाही. ती आहेच देखणी, गणिताचा आलेखसुद्धा छापलाय तिच्यावर.

एक मात्र ऐका. १९७४ पर्यंतची पाच मार्कची चांदीची नाणी इथे देऊ नका. हातात २.५६ युरोच पडतील, आणि नाण्यात शुद्ध चांदी असते सात ग्रॅम. ती सराफाकडे न्या.