'द इकॉनॉमिस्ट' : शेवटच्या पानापासून

माझ्या खोडी आधी सांगते, म्हणजे हे परीक्षण आपल्या कामाचं आहे की नाही ते वाचणाऱ्याला लगेच ठरवता येईल. मला ताजी बातमी लागत नाही. कुणी मंत्र्याने राजीनामा दिला हे मला पाच मिनिटांत कळलं काय आणि आठवड्याने कळलं काय, सारखंच. का दिला आणि आता त्या खुर्चीत कोण बसणार, हे मात्र नीट कळायला हवं. मथळ्यात 'खळबळ' किंवा 'हादरा' दिसला की मी पान उलटते. आणि आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेल्यामुळे वाक्य सैल दिसलं की विचारही सैल असणार, असा माझा समज आहे. तो थोडा अन्यायाचा आहे, पण सुटत नाही.

या सगळ्या अटींत बऱ्यापैकी बसणारं लंडनचं इंग्रजी साप्ताहिक म्हणून 'द इकॉनॉमिस्ट'ची वर्गणी मी वर्षानुवर्षं भरते आहे. भांडत भरते, पण भरते.

अंक मी मागून वाचते. शेवटचं पान मृत्युलेखाचं. हे सदर १९९५मध्ये सुरू झालं आणि २००३पासून अ‍ॅन रो यांच्या हाती आलं. खरी मजा निवडीत आहे. राष्ट्रप्रमुख आणि नोबेलवाले येतातच, पण २००७मध्ये याच पानावर अ‍ॅलेक्स नावाचा करडा आफ्रिकन पोपट आला होता. प्रयोगशाळेत वाढलेला, रंग आणि आकार ओळखून सांगणारा. २००८मध्ये मेरी स्मिथ आल्या, अलास्कातल्या एयाक भाषेत जन्मापासून वाढलेल्या शेवटच्या व्यक्ती. त्याच्या पुढच्या वर्षी चक्क एक मासा आला! बेन्सन नावाचा कार्प, इंग्लंडमधल्या गळकऱ्यांनी कितीदा तरी पकडून पुन्हा पाण्यात सोडलेला. तिघांनाही मिळाली ती एखाद्या पंतप्रधानाला मिळते तेवढीच जागा, आणि तितकंच गंभीर गद्य. 'भरून न येणारी पोकळी' या पानावर कुणाच्याच जाण्याने निर्माण होत नाही. पदांची आणि पुरस्कारांची जंत्रीही नसते. माणूस जे करत होता त्याच्या ऐन मध्यात लेख सुरू होतो, आणि जन्म-शिक्षण वगैरे गरज पडेल तसं मागून येतं. चालू घडामोडींच्या लेखनात मला सगळ्यात जास्त काय आवडतं असं कुणी विचारलं, तर मी हे एक पान काढून दाखवीन.

तिथून पुढे आलेखांकडे. आकड्यांबाबत माझी पसंती साधी आहे: जो लिहिणारा 'इतके' असं ठासून सांगण्याऐवजी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' म्हणतो, त्याच्यावर माझा विश्वास लवकर बसतो. मे २०२१मध्ये कोविडच्या मृत्यूंचा जगभरचा अधिकृत आकडा ३३ लाखांच्या आसपास होता. तेव्हा या साप्ताहिकाने नेहमीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा हिशेब मांडला आणि खरी संख्या ७० लाख ते १ कोटी ३० लाख यांच्या दरम्यान असावी असं लिहिलं. केवढी ती फट! पण ती लपवली नव्हती, आणि गणिताची रीतही सगळ्यांना तपासता येईल अशी उघडी ठेवली होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी सुमारे १ कोटी ४९ लाखांचा अंदाज दिला. तेव्हा आधीची ती मांडणी काही हवेतली नव्हती, हे दिसलं.

मग निरनिराळ्या खंडांची पानं. ही मी संथपणे वाचते, कारण ज्या देशांची नावं एरवी निवडणूक किंवा भूकंप झाल्याशिवाय कानावर येत नाहीत, त्यांची खबर इथे अधूनमधून मिळते. कंपन्या आणि शेअर बाजार मी चाळते, खोटं कशाला बोलू.

अग्रलेख सगळ्यात शेवटी. अंकात ते पुढे असतात आणि त्याच विषयावरचा सविस्तर वृत्तांत मागे. म्हणजे निकाल आधी ऐकायचा आणि साक्षीपुरावे नंतर तपासायचे. मला हा क्रम पटत नाही. वृत्तांत आधी वाचला की अग्रलेख हा एका बाजूचा युक्तिवाद म्हणून वाचता येतो, आणि त्यात काय गाळलंय तेही दिसतं. दुसरी अडचण अशी की अग्रलेखाचा शेवट फार लवकर ओळखू येतो. जेम्स विल्सन या टोप्यांच्या कारखानदाराने १८४३मध्ये हे पत्र काढलं ते ब्रिटनमधले धान्य कायदे, म्हणजे परदेशी धान्यावरचे कर, रद्द व्हावेत म्हणून. ते कायदे १८४६मध्ये रद्दही झाले. खुल्या व्यापारावरची श्रद्धा मात्र तशीच आहे. रोग कुठलाही असो, वैद्याची पुडी एकच. सरकारने अमुक करावं, तमुक सोडावं, हे सांगणारा शेवटचा परिच्छेद मी बऱ्याचदा उपमथळा वाचूनच मनातल्या मनात लिहून टाकते.

लेखांवर लेखकाचं नाव नसतं, ही इथली सर्वात जुनी रीत. पाहुण्यांच्या लेखांवर असतं. सदरांना टोपणनावं असतात. ब्रिटनचं सदर 'बॅजट', अमेरिकेचं 'लेक्सिंग्टन', युरोपचं 'शार्लमेन'. यातला वॉल्टर बॅजट हा १८६१ ते १८७७ या काळातला त्यांचाच संपादक. वाचक म्हणून मला याचा फायदा होतो. नाव दिसलं की 'हा काय, त्यांच्यातलाच' म्हणून वाचण्याआधीच मोडीत काढायची सोय असते, ती इथे नाही. मुद्द्याशीच झुंजावं लागतं. तोटाही तिथेच आहे. एखाद्या देशात वर्षानुवर्षं राहिलेला वार्ताहर आणि दोन दिवसांसाठी उतरलेला, दोघांचा आवाज सारखाच ठाम. कुणाला माहीत आहे आणि कोण अंदाज करतंय, हे ओळखायला जागाच उरत नाही.

आणि हा ठामपणा आपटलेला आहे. मार्च १९९९मध्ये त्यांनी जग तेलात बुडतंय असं मुखपृष्ठ केलं आणि पिंपाचा भाव ५ डॉलरपर्यंत उतरू शकतो असं लिहिलं. भाव उलट चढतच गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपण चुकलो हे त्यांनी स्वतंत्र लेख लिहून कबूल केलं, हे मला फार आवडलं. चुकीची दुरुस्ती कुठल्या कोपऱ्यात छापतात, यावरून मी वर्तमानपत्राची पत ठरवते. मे २०००मध्ये आफ्रिकेला 'आशा नसलेला खंड' ठरवलं, डिसेंबर २०११मध्ये तोच खंड मुखपृष्ठावर 'उभारी घेत' होता. आधीच्या शब्दांबद्दल खेद होता, पण पन्नासहून अधिक देशांना एकाच विशेषणात कोंबायची खोड तशीच राहिली. २००३मध्ये इराकवरच्या युद्धालाही या पत्राचा पाठिंबा होता. हे सगळं ठाऊक असूनच वाचावं.

भाषा मात्र घोटलेली. वाक्य आखूड, क्रियापद जागेवर. मथळ्यांतल्या कोट्या कधी फक्कड, कधी ओढूनताणून आणलेल्या. आख्खा अंक वाचून दाखवणारी ध्वनी आवृत्ती आहे, डोळे थकलेल्यांसाठी उत्तम. फक्त आलेख कानांनी दिसत नाहीत.

आज काय घडलं एवढंच हवं असेल तर इकडे फिरकू नका, रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा कोरडा मजकूर पुरे. एकाच विषयात खोल जायचं असेल तर इथलं दोन पानांचं लिखाण तोकडं वाटेल. घेऊन बघायचंच असेल तर वर्षअखेरचा जोडअंक आधी मिळवा. त्यात घाईच्या बातम्या कमी आणि इतिहास, प्रवास, विचित्र विषयांवरचे लांब लेख जास्त असतात. तो आवडला तरच वर्गणी भरा, कारण दर आठवड्याचा अंक संपवायचा म्हटलं तर संपत नाही आणि न वाचलेल्यांचा ढीग डोळ्यांसमोर वाढत जातो.