बोटीची वायरिंग: घरातली वायर की कल्हईची?

खिंडसी तलावासारख्या गोड्या पाण्यात बोट चालवायची, मग महागडी टिन्ड (कल्हई केलेल्या तांब्याची) वायर कशाला, असा प्रश्न नागपुरात पडणं साहजिक आहे. तलावात मीठ नाही हे खरं, पण तळात साचलेलं पाणी, पावसाळ्यातली दमट हवा आणि मोटरची थरथर आहेच.

घरगुती मल्टीस्ट्रँड, म्हणजे अनेक बारीक तारांची वायर (भारतीय मानक आयएस 694) सीताबर्डीत 90 मीटरच्या बंडलात मिळते. तांबं चांगलं असतं, पण उघडं. टोकातून शिरलेलं पाणी तारांमधल्या फटींतून इन्सुलेशनखाली चढत जातं. वरून वायर नवीकोरी; सोलून पाहावी तर आत काळी-हिरवट, आणि तशा तारेवर लग (टोकाला बसवायची धातूची टोपी) कितीही दाबा, करंट नीट जात नाही. टिन्ड वायरच्या एकेका तारेवर पितळेच्या पातेल्यासारखी कल्हई असते, म्हणून ती अशी सडत नाही. शिवाय साधं पीव्हीसी 70 अंशांचं, तर मरीन वायरचं इन्सुलेशन बहुधा 105 अंशांचं. मेच्या 45 अंशांत तापलेल्या इंजिनाच्या खणात हा फरक कळतो. एकाच जाड तारेची वायर मात्र थरथरीनं तुटते. ती बोटीत नकोच.

जाडीचा हिशेब दोन्हींना सारखाच. बॅटरीपासून 6 मीटरवर 5 अँपिअरचा पंप म्हणजे जाऊन-येऊन 12 मीटर वायर. 2.5 चौरस मिमीत साधारण 0.48 व्होल्ट गळतात, म्हणजे 12 व्होल्टचे 4 टक्के. 4 चौरस मिमीत 0.3, म्हणजे अडीच. पंपासाठी 3 टक्क्यांच्या आत राहायचं, म्हणून 4 घ्या.

सगळी बोट टिन्डनं भरायची गरज नाही. तळातला पंप, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप चालू करणारा) आणि बॅटरीची लाइन टिन्डच हवी. छताखालचा दिवा, हॉर्न घरगुती वायरवर चालेल. फक्त दर पावसाळ्यानंतर टोकं सोलून बघा.

जोड नुसता डाग (सोल्डर) देऊन सोडू नका: डाग संपतो तिथे वायर कडक होते आणि तिथेच तुटते. टिन्ड लग क्रिम्प करून (पकडीनं घट्ट दाबून) वर गोंदवाली हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा, दर 45 सेंमीला क्लिप मारा. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून 18 सेंमीच्या आत.

घेताना एक तार ब्लेडनं खरवडा. चंदेरीखाली तांबूस निघालं तर कल्हई खरी; खालीही चंदेरीच निघालं तर ते ॲल्युमिनियम, बंडल परत द्या.