एकच इंजिन, दोन मापं: एचओ की एन?

अमेरिकेचं एसडी४०-२ हे सहा आसांचं रेल्वेचं डिझेल इंजिन १९७२ पासून बनू लागलं. माझ्याकडे त्याची दोन मॉडेल्स आहेत: एक एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराचं, दुसरं एन मापाचं, १:१६०. पहिलं साधारण २४ सेंटिमीटर, दुसरं जेमतेम १३.

चालीत एचओ सरळ पुढे. अंगात वजन, मोटरला दोन्ही बाजूंना पितळी फ्लायव्हील, म्हणजे चाल एकसारखी ठेवणाऱ्या जड चकत्या, बाराही चाकांतून वीज घेतं. रेग्युलेटर अगदी थोडा फिरवला की मुंगीच्या पावलांनी निघतं. एन मात्र हलकं. रुळावर धुळीचा कण आला की सांध्यावर अडखळतं, मग बोटाने टिचकी! चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की आठवडाभर शहाण्यासारखं धावतं.

रेखीवपणातही एचओच. कठड्याच्या बारीक तारा, छतावरच्या पंख्यांच्या जाळ्या सुट्या बसवलेल्या. एनमध्ये बरंचसं साच्यातच कोरलेलं.

पण जागा? एचओला ५५ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण हवं, एन २८ मध्येही वळतं. आमच्या वन बीएचकेत पलंगाखालच्या फळीवर एनच धावतं. एचओ शोकेसमध्ये, रविवारी सोफा सरकवला की बाहेर.